कणगीतलं बी : कडवा वाल, वाघ्या घेवडा आणि आपलं परस



आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाल्यावर दोन-तीन जुन्या विद्यार्थ्यांचे फोन आले. सर, आयुष्यभर न्याय-वैशेषिक शिकवलंत, आता घेवड्यावर बोलणार का? म्हटलं, हो. आपल्या नैयायिकांची आणि बौद्धांची शतकानुशतकं जी भांडणं झाली, त्यातलं एक मोठं भांडण कणगीतल्या बीवरूनच झालेलं आहे. ते येईल ओघात. पण आज मुख्यतः इतिहास सांगायचा आहे, आणि ज्यांच्या घरामागे चार वाफ्यांची जागा आहे त्यांना थोडं कामाचंही.

पुढच्या रांगेतून तीन वाट्या फिरवल्या आहेत, त्या हातात घेऊन बघा. पहिलीत आपले कडवे वाल आहेत, ते सगळ्यांना ओळखता येतील. दुसरीत गुलाबीसर बी आहे, त्यावर तांबड्या रेघा. हा सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावकडचा वाघ्या घेवडा. वाघासारखे पट्टे म्हणून वाघ्या. तिसरीत फिक्या तपकिरी रंगावर गडद शिंतोडे उडवल्यासारखं दिसतं, तो पिंटो. पिंटो हा स्पॅनिश शब्द, रंगवलेला, ठिपकेदार अशा अर्थाचा. मेक्सिकोत आणि अमेरिकेत लोक तो रोज खातात, जसे आपण तूर खातो. दुसरी आणि तिसरी वाटी या सख्ख्या भावंडांच्या आहेत, वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं एकच जात, फॅसिओलस व्हल्गॅरिस. पंजाबी राजमा आणि आपली फरसबी हीसुद्धा तीच जात. पहिल्या वाटीतला वाल मात्र वेगळ्या घराण्यातला, लॅबलॅब.

आता मी विचारलं की यातलं गावरान कुठलं, तर तुम्ही पटकन वाल म्हणाल. वाघ्यालाही हो म्हणाल, सातारचाच तो. आणि पिंटोला परदेशी म्हणाल. हीच उत्तरं मला जरा तपासायची आहेत.

वालाचं आधी बघू. संस्कृतात निष्पाव म्हणतात तो हाच. आयुर्वेदाच्या ग्रंथांत आहे, आणि त्याच्याही आधी दक्षिण भारतातल्या नवाश्मयुगीन वस्त्यांच्या उत्खननात त्याचे जळके दाणे सापडतात. म्हणजे किमान तीन हजार वर्षं तो या देशात पेरला जातोय. पण त्याचं रानटी रूप आफ्रिकेत आहे. बाजरी, ज्वारी, चवळी आणि वाल, ही सगळी मंडळी कधीतरी अरबी समुद्र ओलांडून आलेली. ज्वारीशिवाय मराठी माणूस नाही असं आपण म्हणतो, आणि ज्वारी आफ्रिकेची.

घेवड्याचं तर ताजं प्रकरण आहे. कोलंबस १४९२ मध्ये पलीकडे पोचला त्याआधी आशिया, युरोप, आफ्रिका या तिन्ही खंडांत या जातीचं एकही बी नव्हतं. मग ते जहाजांतून निघालं. आपण इथे रायगडच्या किनाऱ्यावर बसून हे बोलतोय, तेव्हा चौलची आठवण होणारच. पेरिप्लस लिहिणाऱ्या ग्रीक खलाशानं ज्याचं नाव नोंदलं ते हे बंदर. १५२१ मध्ये पोर्तुगीजांनी रेवदंड्याला किल्ल्याचं काम सुरू केलं आणि १७४० मध्ये मराठ्यांच्या हाती देऊन ते गेले. सव्वादोनशे वर्षांच्या वास्तव्याची खूण म्हणून कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज वळणाची बोली आजही घरात बोलली जाते. अननस, पपई, काजू, पेरू, बटाटा, तंबाखू, मिरची, या साऱ्या अमेरिकन वस्तू पश्चिम किनाऱ्यावरच्या अशाच बंदरांतून आत शिरल्या.

घेवडा कुठल्या वाटेनं आला याचा माग मी जहाजांपेक्षा शब्दांत काढतो. फरसबी हा शब्द बघा. फ्रेंच बीन, त्याची फरसबी झाली. म्हणजे कोवळ्या शेंगेची भाजी म्हणून ही वेल आपल्याकडे इंग्रजीचं बोट धरून, साहेबाच्या बागेतून बाजारात आली. राजमा बघा. संस्कृतात राजमाष म्हणजे चवळी. जुन्या कडधान्याचं नाव नव्या पाहुण्याला मिळालेलं दिसतं. आणि घेवडा? आपल्याकडे कितीतरी घरांत वालाच्या शेंगांनासुद्धा घेवडाच म्हणतात. माझ्या आजोळी पावटा, घेवडा, वाल ही नावं अशी सरमिसळ वापरायचे की नव्या सुनेची पंचाईत व्हायची. पाहुणा आला, घरातल्यांसारखा दिसला, तर त्याला घरातलंच नाव देऊन मोकळं व्हायचं, ही भाषेची पद्धत. कोरेगावच्या बायांनी आणि शेतकऱ्यांनी तर त्याला खंडोबाच्या दारातलं नाव दिलं. वाघ्या! यापेक्षा मराठी काय असायचं?

थोडं मागे जाऊ, बी हाताशी येण्याच्याही आधी. रानटी घेवड्याची शेंग वाळली की तडकते, पिळवटते आणि दाणे लांब फेकते. दाण्याचं टरफल कठीण, पाणी आत जात नाही, त्यामुळे सगळे दाणे एकदम उगवत नाहीत. झाडाच्या दृष्टीनं हे शहाणपण आहे. माणसाच्या दृष्टीनं गैरसोय. आता कल्पना करा, हजारो वर्षांपूर्वी कोणी बाई रानात शेंगा गोळा करतेय. तिच्या टोपलीत कुठल्या शेंगा येणार? ज्या तडकल्या नाहीत त्या. पुढच्या पावसात तिनं पेरल्यावर लगेच कुठलं बी उगवणार? ज्याचं टरफल मऊ आहे ते. ती काही ठरवत नव्हती, पण तिच्या टोपलीनं निवड केली. अशा शेकडो पिढ्या गेल्यावर जे उरलं ते माणसाशिवाय जगू न शकणारं झाड. आजच्या घेवड्याची शेंग कोणी तोडली नाही तर ती तिथेच कुजते. सुमारे आठ हजार वर्षांपूर्वी सुरू झालेला हा प्रकार दोनदा, दोन ठिकाणी, एकमेकांना न विचारता घडला. एकदा मेक्सिकोच्या बाजूला आणि एकदा दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वतात. अँडीजचे दाणे साधारण मोठे असतात. पिंटो मेक्सिकोच्या शाखेतला.

म्हणून मी म्हणतो की बी राखणं हा शेतीच्या शेवटचा उरकायचा भाग नाही. शेती सुरू झाली तीच बी राखण्यातून.

आता आपल्या किनाऱ्याकडे या. इथे पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या पुढे, खाचरं भाताची. भात कापून झालं की जमिनीत ओल असते, वाफसा असतो, आणि त्या ओलीवर वाल, चवळी, मूग, हरभरा टाकायचे. वालाला वरून पाणी द्यावं लागत नाही. जमिनीतली ओल आणि पहाटेचं दंव, एवढ्यावर तो निघतो. १८८३ मध्ये इंग्रज सरकारनं कुलाबा जिल्ह्याचं गॅझेटिअर छापलं. कुलाबा म्हणजे आजचा रायगड, नाव १९८१ मध्ये बदललं. त्यातही इथल्या कडधान्यांत वालाची नोंद आहे. भातानं जमिनीतून घ्यायचं, वालानं मुळांवरच्या गाठींतून हवेतला नत्र जमिनीला द्यायचा. या गाठींतले जिवाणू हे काम करतात हे युरोपात १८८०च्या दशकात सिद्ध झालं. आपल्याकडचे शेतकरी त्याला बेवड म्हणायचे, वालाचं बेवड चांगलं, एवढंच. नत्र हा शब्द नव्हता, पण व्यवहार पक्का होता.

आणि मग पोपटी! डिसेंबर-जानेवारीत शेंगा भरल्या की मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, मध्ये अंडी, कोंबडी, बटाटे, कोनफळ, वर पुन्हा पाला, मडकं उपडं करून भोवती पेंढा-पातेरा पेटवायचा. पाण्याचा थेंब नाही. अलिबाग, पेण, रोहा, कुठेही जा, थंडीत शनिवार-रविवारी शेतात धूर दिसणार. मला पोपटी अतिशय आवडते. पण एक हिशेब कोणी मांडत नाही. पोपटीला तोडलेली शेंग हिरवी असते. ती बियाण्याला जात नाही. पूर्वी पोपटी घरच्या शेतात घरच्यांसाठी व्हायची, दोन-चार मडकी, आणि बाकी शेत वाळेपर्यंत उभं राहायचं, त्यातून बिरड्याचे वाल आणि पुढच्या वर्षीचं बियाणं निघायचं. आता पोपटीला गिऱ्हाईक आहे, हिरव्या शेंगेला भाव आहे, आणि दुसरीकडे मांडवा-किहीमपासून खाली बघाल तर कितीतरी खाचरांवर बंगले उभे आहेत. शेत कमी, मडकी जास्त. खायला शेंगा बाहेरगावाहूनही आणता येतात, त्यामुळे वाल संपतोय हे ताटात कळतच नाही. बियाणं संपतं ते असं, कोणाला न कळता.

म्हणून परस. ज्यांच्याकडे शेत उरलेलं नाही, पण विहीर आहे, चार वाफे आहेत, त्यांच्याशी मी आता बोलतो. वाल कराच. पण वाघ्या किंवा पिंटो लावून बघायचा असेल, तर त्याचं वेळापत्रक इथे वेगळं आहे, ते नीट सांगतो.

कोरेगावला घेवडा खरिपात घेतात, कारण तिथला पाऊस बेताचा. तुम्ही इथे जूनमध्ये पेरलात तर मुळं कुजतील, आणि चुकून शेंगा धरल्याच तर त्या झाडावर वाळणार नाहीत, आतल्या आत मोड येतील. उन्हाळ्यात लावलात तर फार उकाड्यानं फुलं गळतात. म्हणून आपल्याकडे पाऊस पूर्ण थांबल्यावर, ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर मध्य. बी बोटाच्या दोन पेरांएवढं खोल टोकायचं, दोन झाडांत वीतभर अंतर, दोन ओळींत दीड-दोन वीत. आदल्या रात्री भिजत घालू नका, नुसत्या ओल्या मातीत टाका, आठवड्यात वर येतं. शेणखत आधीच्या पिकाला दिलेलं पुरतं. फार खत घातलं की पाला माजतो आणि शेंगा बसत नाहीत. पिंटोला थोडा वेल येतो, दोन-अडीच फुटांच्या काटक्या लावल्या तरी चालतं. साधारण तीन महिन्यांत, फेब्रुवारीच्या आसपास शेंगा वाळतात. नेमका तेव्हा आपल्याकडे पावसाचा थेंब नसतो. बी धरायला एवढी चांगली ऋतुरचना फार थोड्या ठिकाणी मिळते.

एक धोका खास किनाऱ्याचा. आपल्या कितीतरी विहिरी जानेवारी उलटला की मचूळ व्हायला लागतात. घेवडा हे खाऱ्या पाण्याला अतिशय नाजूक पीक आहे, पानांच्या कडा करपतात आणि झाड खुरटतं. पाणी चाखून बघा. जिभेला लागत असेल तर घेवड्याच्या नादी लागू नका, वाल लावा. त्याला तुमचं पाणी नकोच आहे.

आता फुलाकडे बघू, कारण बी राखण्याचं सगळं गमक तिथे आहे. घेवड्याचं फूल उमलण्याआधीच आतल्या आत परागण उरकतं. मधमाशी येते, पण बहुधा लग्न लागून गेल्यावर येते. (हशा) त्यामुळे दोन प्रकारचे घेवडे चार-पाच मीटर अंतरावर लावले तरी ते सहसा मिसळत नाहीत. वालही बराचसा असाच, मात्र त्याच्या फुलावर मोठे भुंगे येतात, म्हणून त्याला थोडं जास्त अंतर द्यावं. याउलट आपला अलिबागचा पांढरा कांदा घ्या, ज्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कांदा परपरागी. शेजारी लाल कांद्याचे गोंडे फुलले असतील तर पांढऱ्याचं बियाणं बिघडलंच. कांद्याचं बी राखायला गावाचं एकमत लागतं. घेवड्याचं एक म्हातारा माणूस एकटा राखू शकतो. म्हणून निवृत्तांना मी घेवडा सुचवतो.

आणि इथे मला एका डॅनिश माणसाची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. विल्हेल्म योहानसेन. औषधांच्या दुकानात उमेदवारी केलेला, विद्यापीठाची रीतसर पदवी नसलेला. १९००च्या सुमारास त्यानं प्रिन्सेस नावाच्या घेवड्याचे दाणे घेतले आणि वजन करायला बसला. ढिगात मोठे दाणे होते, लहान होते. मोठे पेरले तर मोठे येतात का? ढिगातून मोठे निवडले तर पुढच्या पिढीचं सरासरी वजन वाढलं. इथपर्यंत कुठलाही शेतकरी सांगेल ते. पण मग त्यानं एकेका दाण्यापासून वेगळा वंश चालवला, असे १९ वंश. प्रत्येक वंशात पुन्हा सगळ्यात मोठे आणि सगळ्यात लहान दाणे निवडून पेरले. आणि काय झालं? एकाच वंशातल्या मोठ्या दाण्याची आणि लहान दाण्याची संतती सरासरीनं सारखीच निघाली. त्याच वंशात पिढ्यानपिढ्या निवड करूनही फरक पडला नाही. १९०३ मध्ये त्यानं हे प्रसिद्ध केलं. दाणा दिसतो किती मोठा, ही एक गोष्ट, त्याला शेंगेत जागा कुठली मिळाली, ऊन किती मिळालं यावरून ठरणारी. आणि तो काय पुढे नेतो, ही दुसरी गोष्ट. या दोघींना नावं हवीत म्हणून १९०९ मध्ये त्यानं जीन हा शब्द घडवला, जीनोटाइप-फीनोटाइप हे शब्द घडवले. आज वर्तमानपत्रात जो जनुक शब्द आपण दर आड दिवशी वाचतो, तो घेवड्याच्या दाण्यांच्या वजनातून जन्मला. मेंडेलनंही वाटाण्यानंतर घेवड्यावर संकर केले होते, पण तिथे फुलांच्या रंगांचा हिशेब त्याला सरळ लागेना.

आता याचा परसातला अर्थ काय? आपण सगळे बियाण्यासाठी ताटात दाणे पसरतो आणि टपोरे निवडतो. टपोरा दाणा जोमानं उगवतो, एवढा फायदा खरा. पण जात सुधारायची, राखायची, तर निवड ताटात करून भागत नाही, ती झाडावर करावी लागते. कुठलं झाड आधी फुललं, कुणाला मावा कमी लागला, कुणाच्या शेंगा एकदम वाळल्या, कुणाची पानं गोळा होऊन पिवळी-हिरवी चट्ट्याची झाली. हे शेवटचं महत्त्वाचं, कारण मोझॅकचा विषाणू बियांतूनच पुढच्या वर्षात जातो. अशा झाडाचा दाणा कितीही टपोरा असो, खायला घ्या, बियाण्याला नको. चांगल्या झाडांना दोरा बांधून ठेवा, आणि त्यांच्या हिरव्या शेंगांना हात लावू नका. घरातल्यांनाही सांगून ठेवा, नाहीतर दोऱ्यासकट भाजी होते. शिवाय एकाच झाडावर भिस्त ठेवू नका. निदान वीसेक झाडांचं बी एकत्र करा. गावरान बियाणं म्हणजे अनेक वंशांची मोळी असते. कोरड्या वर्षी त्यातला एक तगतो, ओल्या वर्षी दुसरा.

शेंगा झाडावरच वाळू द्या, हलवल्या की आत खुळखुळ वाजलं पाहिजे. मग झोडपा, सुपात पाखडा, सावलीत आठ-दहा दिवस पसरा. दाताखाली दाणा दबला तर ओला आहे. हातोडीनं ठोकल्यावर काचेसारखा फुटला तर झाला. हे का, तर बियाण्याच्या आयुष्याचा एक ढोबळ नियम आहे, हॅरिंग्टनचा. दाण्यातला ओलावा एका टक्क्यानं कमी केला की आयुष्य दुप्पट, साठवणीचं तापमान पाच अंशांनी उतरवलं की पुन्हा दुप्पट. आपली अडचण अशी की किनाऱ्याची हवाच दमट. फेब्रुवारीत कडकडीत वाळवलेला दाणा उघड्या डब्यात ठेवलात, तर जूनपर्यंत तो हवेतलं पाणी पिऊन बसतो. म्हणून घट्ट झाकणाची काचेची बरणी. तळाला भाजून कोरडे केलेले आणि गार झालेले तांदूळ, फडक्यात बांधून. ते ओल ओढून घेतात. भुंग्याची अंडी शेतातूनच दाण्याबरोबर येतात. पूर्वी त्यासाठी चाळलेली राख, कडुनिंबाचा वाळका पाला किंवा लाल मातीचा लेप असायचा. राख भुंग्याची हालचाल रोखते आणि त्याच्या अंगावरचं आवरण खरवडते, तो सुकून मरतो. हा उपाय आजही चालतो. नाहीतर पूर्ण वाळलेली बंद बरणी फ्रीजरमध्ये तीन-चार दिवस ठेवा आणि बाहेर काढून खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा. बरणीवर नाव आणि वर्ष लिहा. आपल्या हवेत तीन वर्षांपलीकडे विश्वास ठेवू नये.

तर आता कणगीचं भांडण. बौद्ध तार्किक म्हणत, जगातली प्रत्येक वस्तू क्षणिक आहे. पुरावा काय? बी. कुसुलातलं बी, म्हणजे कणगीतलं, अंकुर देत नाही. शेतातलं देतं. कणगीत असतानाच त्याच्यात अंकुर देण्याचं सामर्थ्य असतं तर तिथेच अंकुर आला असता. नाही आला, म्हणजे सामर्थ्य नव्हतं. जे समर्थ आणि जे असमर्थ, ती एक वस्तू कशी असेल? तेव्हा कणगीतलं बी वेगळं आणि शेतातलं वेगळं, मध्ये क्षणाक्षणाला नवं बी होत गेलं, आपण उगाच ते एक मानतो. अकराव्या शतकात रत्नकीर्तीनं हे फार बारकाईनं मांडलं. नैयायिकांच्या बाजूनं उदयनाचार्यांनी आत्मतत्त्वविवेकात याला उत्तर दिलं. बी तेच. माती, पाणी, ऊब ही सहकारी कारणं कणगीत नव्हती, शेतात मिळाली, म्हणून अंकुर आला. सामर्थ्य असणं आणि लगेच कार्य करणं या दोन गोष्टी आहेत.

मी चाळीस वर्षं उदयनांची बाजू शिकवली आणि आजही त्यांचाच आहे. पण बरणी हाताळायला लागल्यापासून बौद्धांबद्दल आदर वाढला. कारण कणगीतलं बी खरोखरच स्थिर नसतं. ते मंद श्वास घेत असतं, दर महिन्याला थोडं थोडं मरत असतं, आणि एका वर्षी समर्थ असलेलं बी पाचव्या वर्षी असमर्थ होतं, दिसायला मात्र तसंच. वाण एकच राहतो तो दाणा टिकल्यामुळे नव्हे, दर दोन-तीन वर्षांनी कोणीतरी तो मातीत घातल्यामुळे. वाघ्या घेवडा सातारचा का, तर तिथे पिढ्यानपिढ्या पेरला, निवडला, पुन्हा पेरला गेला म्हणून. त्या मातीचा, त्या पावसाचा, त्या बायांच्या पसंतीचा ठसा त्याच्यावर उमटला. मूळ मेक्सिकोचं असो वा अँडीजचं. आणि वालसुद्धा याच कारणानं आपला. उलट, ज्या दिवशी इथे कोणी पेरणार नाही, त्या दिवसापासून तीन हजार वर्षांचा वाल आपला राहणार नाही. मग पुस्तकात कितीही नोंदी असोत.

हे नुसतं तत्त्वज्ञान नाही, कोर्टात गेलेला मुद्दा आहे. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या एका बियाणे-व्यावसायिकानं मेक्सिकोतून पिवळ्या घेवड्याचं एक पाकीट नेलं. काही वर्षं पेरून, निवडून, १९९९ मध्ये त्या पिवळ्या रंगाच्या घेवड्यावर अमेरिकन पेटंट मिळवलं, एनोला नावानं, आणि मेक्सिकोतून तसा घेवडा आणणाऱ्यांवर दावे लावले. जो घेवडा मेक्सिकोतले शेतकरी आधीपासून पिकवत होते तोच! कोलंबियातल्या आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन केंद्रानं, सिआटनं, २००० मध्ये आव्हान दिलं. त्यांच्या बीजपेढीत घेवड्याचे हजारो नमुने आहेत, त्यातले पिवळे पुढे ठेवता आले. २००८ मध्ये पेटंट कार्यालयाच्या अपील मंडळानं दावे फेटाळले, २००९ मध्ये न्यायालयानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. न्याय झाला, पण पेटंटच्या वीस वर्षांतली निम्मी त्यात गेली होती. हळदीच्या पेटंटची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. ही कडधान्यातली हळद समजा.

आपला कायदा या बाबतीत बरा आहे. २००१चा पीकवाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, कलम ३९. संरक्षित वाणाचंसुद्धा बियाणं शेतकऱ्याला राखता येतं, पेरता येतं, अदलाबदल करता येतं, विकताही येतं. फक्त कंपनीच्या नावाचा छाप मारून विकता येत नाही. वाघ्या घेवड्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. त्याचं मला कौतुक आहे, पण मानांकनाबद्दल आपल्याकडे जरा भाबडा उत्साह असतो. मानांकन नावाचं रक्षण करतं. बी राखणं त्याच्या कक्षेत येत नाही. ते काम ज्या करतात त्यांची नावं आपल्याला उशिरा कळतात. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत, आणि त्यांच्या घरच्या बीजपेढीत वाल-घेवड्याचे किती प्रकार मडक्यांत राखेत ठेवलेले. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा शहरातल्या लोकांनी विचारलं, बियाणं राखण्यात विशेष काय? प्रत्येक घरात एक बाई ते करत होती, तोवर खरंच विशेष काही नव्हतं.

वेळ होत आला. नेहमी विचारले जाणारे दोन प्रश्न आधीच घेतो. दुकानातला राजमा किंवा पिंटो पेरला तर उगवेल का? बहुतेक उगवेल, फार जुना किंवा भट्टीत तापवलेला नसेल तर. आधी दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. आठवड्यात सात-आठ मोडले तर पेरा, चार मोडले तर उसळ करा. आणि उसळीबद्दल एक इशारा. राजमा, वाघ्या, पिंटो, कुठलाही असो, निदान पाच तास भिजवून, ते पाणी फेकून, चांगला खळखळून अर्धा तास उकळलाच पाहिजे. कच्च्या दाण्यात एक विषारी प्रथिन असतं, मंद आचेवर कोमट शिजवलं तर ते मरत नाही आणि उलट्या होतात. आपल्या वालाला भिजवणं, मोड आणणं, सोलणं, हे सगळं आपल्या बायका करत आल्या ते चवीसाठी तर होतंच, पण कच्च्या वालातली विषारी द्रव्यंही त्यात बरीच कमी होतात.

मागच्या टेबलावर कागदाच्या पुड्या ठेवल्या आहेत. वाल या वर्षीचे आहेत, वाघ्या मागच्या वर्षीचा. प्रत्येकी पंचवीस दाणे. पुडीवर वर्ष लिहिलंय. वाल भात कापणी झाल्या झाल्या टाका, वाघ्याला नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत थांबलात तरी चालेल. पुढच्या मार्चमध्ये ज्यांच्याकडे बी धरलं असेल त्यांनी त्यातले पंचवीस दाणे इथे परत आणून द्यावेत, म्हणजे पुढच्या वर्षीच्या पुड्या मला एकट्याला भराव्या लागणार नाहीत. आता प्रश्न असतील तर विचारा.